भुर्र न्यायचं, पण कसं? एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या बाहेरच्या खेळाबद्दल

संध्याकाळी साडेपाचला कुठल्याही सोसायटीच्या आवारात उभं राहिलं की हीच वाक्यं ऐकू येतात. ‘अरे पडशील!’ ‘छी, टाक ते.’ ‘तिकडे नको, इकडे ये.’ पोराला बाहेर आणलेलं असतं, पण खेळायला मिळालेलं नसतं. कडेवरून किंवा बाबागाडीतून एक फेरी होते, घसरगुंडीवर दोनदा बसवून खाली ओढलं जातं, आणि सात वाजता सगळे घरी.

एक ते तीन या वयात मुलाला बाहेर लागतं फार थोडं. पायाखाली खरी जमीन, घाई नसलेला वेळ, आणि हात पाठीमागे घेऊन जवळ उभं राहू शकणारं एक मोठं माणूस. जमीन आणि वेळ कसेबसे मिळतात. हात पाठीमागे ठेवणं आपल्याला जड जातं, म्हणून या लेखात त्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

आधी वेळ ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही शिफारशी केल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं शारीरिक हालचाल व्हावी. बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत पट्टा लावून एका वेळी तासाच्या वर बसवू नये. दोन वर्षांपर्यंत बसून स्क्रीन पाहणं नको, आणि त्यानंतर दिवसाला फार तर एक तास. तीन तासांचा आकडा ऐकून घाबरू नका. घरात दिवाणावर चढणं, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये शंभर चकरा मारणं, सगळं त्यातच येतं. बाहेरचा एक तास ठरवा आणि तो दोन तुकड्यांत वाटा: सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा.

झोप झालेली हवी आणि पोट थोडंसं भरलेलं हवं. झोपेला आलेलं मूल बागेत नेलं तर ते चालणार नाही, रडणार, आणि आपण ठरवून टाकणार की याला बाहेर आवडतच नाही. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, त्यामुळे वेळापत्रक एकदा फाटकावर वाचून घ्या. अकोला-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळच खरी; आठ-साडेआठला ऊन चटके देऊ लागतं. कोकणात आणि मुंबईत प्रश्न घामाचा आहे, तिथे पाण्याची बाटली विसरून चालत नाही.

जागा गुडघ्यावर बसून पाहा

बाग मोठी हवी असं नाही. इमारतीमागची मातीची पट्टी, देवळाचं आवार, शाळेचं सुट्टीतलं मैदान, गावाकडे स्वतःचं अंगण किंवा खळं, काहीही चालतं. जमीन थोडी उंचसखल असली तर उत्तम. पेव्हर ब्लॉकच्या सपाट आवारात पायाला शिकण्यासारखं फार कमी असतं. मातीवर, गवतावर, उतारावर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं आणि तोल तिथेच पक्का होतो.

मूल येण्याआधी एकदा तिथे खाली बसा आणि त्याच्या उंचीवरून नजर फिरवा. फुटलेली काच, बाटल्यांची झाकणं, सुटलेली वायर, कुत्र्या-मांजरांची घाण उभ्याने दिसत नाही. मग पाणी शोधा. उघडी टाकी, हौद, बांधकामाचा खड्डा, माळ्याने भरून ठेवलेली बादली. या वयाचं मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि त्याचा आवाज होत नाही. पाणी असेल तिथे हाताच्या अंतरावर राहायचं, फोन पिशवीत.

आता झाडं. आपल्याकडे शोभेला लावलेल्या झाडांत विषारी झाडं बरीच निघतात, आणि सोसायटीच्या बागेची कुंपणं तर कण्हेरीचीच असतात. लाल-गुलाबी कण्हेर आणि पिवळी कण्हेर (हीच बिट्टी), दोन्हींचे सगळे भाग विषारी आहेत, आणि बिट्टीची हिरवी फळं मुलांना खेळायला फार आवडतात. धोतऱ्याचं काटेरी फळ, एरंडाच्या बिया, लाल-काळी गुंज चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. मारुतीच्या देवळाजवळ रुई असतेच. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. लॉबीतल्या कुंडीत मोठ्या ठिपक्यांच्या पानांचा डायफेनबॅकिया असतो, त्याचं पान चावलं की तोंड आणि जीभ सुजते. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतं. मुलाने यातलं काही तोंडात घातलं असेल तर तोंड पुसून उरलेला चोथा काढा, उलटी करवू नका, झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा.

हे सगळं वाचून घरात बसावंसं वाटलं तर तसं करू नका. ही पाहणी एकदाच करायची असते. नंतर रोज एक नजर टाकली की झालं, आणि ती केली असली की पुढचा अर्धा तास ‘नको नको’ म्हणावं लागत नाही.

कपडे आणि पिशवी

मळले तरी चालतील असे जुने सुती कपडे. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि लांब पायजमा, कारण डेंग्यूचा डास दिवसा आणि सूर्यास्ताच्या आसपास चावतो. गळ्यात साखळी, काळा दोरा, नाडीची टोपी काहीच नको. घसरगुंडीच्या कडेला अडकून फास बसतो. आजी काळ्या दोऱ्यावर अडून बसल्या तर तो कमरेला बांधा, भांडू नका. जागा स्वच्छ असेल तर पाय अनवाणी ठेवा, बोटं जमीन पकडायला शिकतात. जिथे उघड्यावर शौचाला बसतात त्या भागात मात्र चप्पल हवीच, अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो. पिशवीत पाणी, एक जुना पंचा, कपड्यांचा एक जोड. खाऊ नंतर, बाकावर बसून. तोंडात शेंगदाणा आणि पायात पळापळ हे एकत्र नको.

पहिले काही दिवस

कायम फ्लॅटमध्ये वाढलेलं मूल गवतावर ठेवलं की पाय वर घेतं. मातीला हात लागला की हात पुढे करून ‘पूस’ म्हणतं. यात विशेष काही नाही. त्याला मांडीवर घेऊन गवतावर बसा आणि स्वतः मातीत बोटं घाला. एखादं वाळकं पान चुरगळा, आवाज होऊ द्या. ‘बघ ना, काही होत नाही’ असं म्हणायची गरज नसते, ते बघतंच असतं. काही मुलं दोन दिवसांत उतरतात, काहींना पंधरवडा लागतो. रोज तीच जागा ठेवा. नवनव्या बागा दाखवण्यात आपली करमणूक होते. मुलाला ओळखीचं झाड आणि ओळखीची पायरी हवी असते.

चढणं आणि उतरणं

इथे हात पाठीमागे घ्यायचे. नियम एकच: मूल जिथे स्वतः चढू शकत नाही, तिथे आपण त्याला उचलून बसवायचं नाही. झाडाच्या दुबेळक्यात बसवून फोटो काढला, मुलाला मजाही आली, पण आपण तिथे कसे पोचलो आणि खाली कसं यायचं याचा त्याला पत्ताच नसतो. जे मूल स्वतः दोन पायऱ्या चढलेलं असतं, त्याच्या पायांना त्या दोन पायऱ्या माहीत असतात.

तीन-चार ठेंगण्या पायऱ्या शोधा. ओटा, पार, देवळाची जोती, काहीही. चौदा-पंधरा महिन्यांचं मूल त्या रांगत चढतं. वर पोचलं की वळून खाली बघतं आणि तसंच तोंड पुढे करून उतरायला जातं. तिथे उचलू नका. आपण एक पायरी खाली बसा, त्याला पोटावर वळवा, एक पाय हातात धरून खालच्या पायरीला टेकवा आणि म्हणा, ‘उलटं. पाय आधी.’ दुसरा पाय ते स्वतः शोधतं. पाय हवेत चाचपडतो, पायरी लागत नाही, चेहरा रडवेला होतो, मग अंगठा दगडाला टेकतो आणि सगळं अंग सैल पडतं. तेवढा वेळ आपण गप्प राहायचं. आठवडाभर रोज केलं की ‘उलटं’ एवढ्या शब्दावर मूल वळतं, आणि मग घरातल्या पलंगावरूनही तसंच उतरतं.

‘पडशील!’ हा शब्द शक्यतो वापरू नका. दचकून मूल आपल्याकडे बघतं आणि खरंच पडतं. त्याऐवजी काय करायचं ते सांगा: ‘फांदी घट्ट धर.’ ‘पाय कुठे ठेवतोस बघ.’ ‘इथे ओलं आहे.’ थोडं पडणं, गुडघा खरचटणं हिशेबात धरा. पडल्यावर धावत सुटू नका. मूल आधी आपल्या तोंडाकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं. जखम साबण-पाण्याने धुवा. १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा ट्रिपलच्या (डीपीटी) लसीचा बूस्टर झाला आहे ना, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवा, धनुर्वाताचं संरक्षण त्यातच येतं.

घसरगुंडीबद्दल दोन गोष्टी. पत्र्याची असेल तर आधी आपला तळहात टेकवून पाहा, दुपारनंतर ती तव्यासारखी तापलेली असते. आणि मुलाला मांडीवर घेऊन स्वतः घसरू नका. प्रेमाने केलं जातं, पण मुलाचा बूट कडेला अडकतो, मागून आपलं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. या वयातल्या पायाच्या फ्रॅक्चरचं हे डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं कारण आहे. मुलाला एकट्याने घसरता येत नसेल तर ती घसरगुंडी अजून त्याची नाही. छोट्या मातीच्या उतारावर बूड टेकवून घसरू द्या.

माती, पाणी, आणि घरातली भांडी

खेळण्यांच्या दुकानात जायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं यांतून त्यांनी साधनं उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. म्हणजे हा प्रयोग आपल्याच मातीत होऊन गेलेला आहे, आणि आज आपण ऑनलाइन ‘सेन्सरी किट’ मागवतो.

तर पिशवीत टाका: स्टीलची एक वाटी, जुना डाव, चहाची फाटकी गाळणी, प्लास्टिकचा मग, झाकणाचा एक डबा. बस्स.

वर्ष ते दीड वर्ष या वयात भरणं आणि ओतणं एवढंच चालतं. वाटीत माती घालायची, पालथी करायची, पुन्हा घालायची. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. मध्येच ‘चल, किल्ला करूया’ म्हणून वाटी हातातून काढून घेऊ नका. त्या भरण्या-ओतण्यातच मनगट वळायला शिकतं, आणि पुढे तेच मनगट घास उचलतं, पेन्सिल धरतं.

दीड ते दोनमध्ये ओझी वाहायचं वेड येतं. दगड इथून उचलून तिथे, मग तिथून इथे. जड वस्तू द्या: पाण्याने अर्धी भरलेली बाटली, नारळ, छोटी वीट. अंगाला जोर लागला की ही मुलं शांत होतात, रात्री झोपतातही बरी. चेंडू मोठा आणि मऊ हवा. लाथ मारणं साधारण दोन वर्षांच्या आसपास जमतं, झेलणं त्याहून बरंच नंतर, त्यामुळे झेलायची सक्ती नको. जमिनीवरून घरंगळत द्या.

दोन ते तीनमध्ये गोष्ट शिरते. मातीची भाजी होते, पानाची पोळी होते, आपल्याला जेवायला बसवलं जातं. जेवायचं. मीठ कमी आहे म्हणायचं. मूल धावत जाऊन मीठ आणतं, म्हणजे मूठभर धूळ. जे समोर नाही ते आहे असं धरून चालणं ही या वयातली मोठी झेप आहे, आणि बाहेर तिला सामान भरपूर मिळतं. याच काळात दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारता येऊ लागते. फरशीवर ओल्या पावलाचा ठसा उमटवा आणि त्यावर उडी मारायला सांगा.

पाण्याचा खेळ पाहण्यासारखा असतो. नळाजवळच्या उतारावर एक मगभर पाणी देऊन बघा. मूल ते ओतणार, पाणी धुळीत नागमोडी जाणार, समोर गोळा बांधत पुढे सरकणार, आणि मूल त्याच्यामागे वाकून चालणार. पाणी जिरलं की पुन्हा मग पुढे करणार. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते मध्ये दगड ठेवून बघतं. तेवढ्या वेळात ‘निळा मग, लाल मग’ असलं काही शिकवू नका.

माती तोंडात जाईल का? जाईल. चिमूटभराने काही होत नाही. सारखीच खात असेल तर रक्त कमी आहे का ते डॉक्टरांना विचारा. वर्षातून दोनदा जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं, एक ते दोन वयाला अर्धी गोळी, दोनच्या पुढे पूर्ण, दोन्ही चुरा करून पाण्यातून. ती चुकवू नका. खरी भीती बारीक वस्तूंची आहे: चिंचोके, बोरांच्या बिया, गोट्या. घशात तर जातातच, पण चिंचोका नाकात घालणं हा या वयाचा आवडता उद्योग. नाकात गेलाच तर घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो.

बोलायचं किती

कमी. मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दलच बोला. ते मुंगळ्याकडे बघत असताना आपण वरच्या विमानाकडे बोट दाखवतो, तिथे धागा तुटतो. त्याच्या शेजारी उकिडवं बसून एक वाक्य: ‘मुंगळा दाणा ओढतोय.’ मग थांबा. मूल म्हणेल ‘ओतोय’. आपण म्हणायचं, ‘हो, ओढतोय. जड आहे त्याला.’ चूक दाखवून न देता बरोबर शब्द परत कानावर पडला. ‘हा कोण? सांग ना, कोण हा?’ अशी परीक्षा घेतली की बोलकं मूलही गप्प होतं.

बाहेर क्रियापदं फार मिळतात, हे घरात होत नाही. ओत, ढकल, खेच, वाक, उकर, घरंगळलं, चिकटलं, भिजलं, वाळलं. चित्रांच्या पुस्तकांत नामांचा भरणा असतो. वाक्य जुळायला क्रियापद लागतं.

दुसरी मुलं

दोन वर्षांची दोन मुलं एकाच बादलीसाठी भांडणारच. ‘शेअर कर’ हे त्यांना अजून कळत नाही, ती एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांबरोबर फारसं नाही. मारामारी, चावणं होत नसेल तर मिनिटभर थांबा. ‘तिचं झालं की तुला’ एवढं सांगा आणि खरोखर तसं होऊ द्या. दोन गाळण्या ठेवल्या तर निम्मी भांडणं तिथेच संपतात. मोठी मुलं क्रिकेट खेळत असतील तर मात्र जागा बदला.

पाऊस, थंडी, ऊन

पावसाळ्यात तीन महिने मुलांना कोंडून ठेवायची आपली पद्धत मला पटत नाही. पहिल्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे, गोगलगाई, गांडुळं, डबकी हे वर्षातून एकदाच येतं. उघडीप मिळाली की गमबूट किंवा पट्ट्याची चप्पल घालून न्या, स्वच्छ पावसाच्या डबक्यात उड्या मारू द्या, वीस मिनिटांत परत येऊन कोमट पाण्याने अंघोळ. भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. रस्त्यावरचं साचलेलं पाणी मात्र नको, त्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. वाढलेल्या गवतात साप असू शकतो, म्हणून आधी काठी आपटत आपण जायचं. भटका कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

थंडीत सकाळी बुचाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. लांब देठाची ती पांढरी फुलं वेचायला या वयाच्या बोटांना बरोबर जमतात. उन्हाळ्यात सावलीतला अर्धा तास आणि बादलीभर पाणी पुरे.

परत घरी

रडारड इथे होते. ‘चल, झालं’ म्हणून उचललं की मूल कमान करून अंग टाकतं. आधी सांगा: ‘अजून तीन मग ओतायचे, मग घरी.’ तीन मग मोजून ओतू द्या. मग एखादं काम द्या: वाटी पिशवीत ठेव, झाडाला टाटा कर, लिफ्टचं बटण तू दाब. आल्या आल्या साबणाने हात, नखं आणि पाय. मळलेल्या कपड्यांवरून आरडाओरडा नको, विशेषतः ते धुवायला दुसरंच कुणीतरी असेल तर आधी त्या व्यक्तीशी बोलून घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

बाहेर खेळताना मुलाची वाढ स्पष्ट दिसते. १८ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय चालत नसेल, एखादी गोष्ट दाखवायला बोट करत नसेल; दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल; नेहमी चवड्यांवरच चालत असेल, एकच हात किंवा एकच पाय मागे पडत असेल, हाकेला वळत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही येईनासं झालं असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या सल्ल्यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठीच शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत. जाताना मूल बाहेर चालतानाचा, चढतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात ते आईच्या कडेवरून उतरतच नाही.